सॉकेटला ‘किती?’ विचारू नकोस

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीचं तुझ्या प्रोग्राममधलं टोक) समोरून किती डेटा येणार ते आधी कळत नाही, आणि वाचायला गेलं की प्रोग्राम तिथेच ताटकळतो, ही तुझी तक्रार रास्त आहे. पण आयओसीटीएल (ioctl) या सिस्टिम कॉलनं ‘किती बाइट आलेत’ हे आधी विचारून मग वाचायचा बेत मला पटला नाही. तो आकडा त्या क्षणापुरता खरा. वाटेत असलेल्या बाइटांची खबर तुझ्या कर्नललाही (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) नसते.

मुळात टीसीपीला (बाइट क्रमानं पोहोचवणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलला) मेसेज ही भानगडच ठाऊक नाही. एका सेंडचा माल तीन तुकड्यांत येईल, नाहीतर दोन सेंडचा एकदम. तू मराठी मजकूर पाठवतोस ना? यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत ‘क’ ३ बाइट घेतो. हेक्समध्ये ई०, ए४, ९५. त्यातले दोन या वाचनात आणि तिसरा पुढच्या, असं खुशाल होतं. हाती आलेला तुकडा लगेच डीकोड केलास की अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह! म्हणून प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र बफर (आलेले बाइट साठवायची जागा) दे आणि मेसेज पुरा होईपर्यंत त्याला हात लावू नकोस. पुरा कधी झाला ते प्रोटोकॉलनं सांगायचं: आधी ४ बाइटांत लांबी, मग मजकूर. (त्या लांबीवर मर्यादा घाल, नाहीतर कुणीतरी ४ जीबीचा आकडा टाकेल आणि तू तेवढी मेमरी मागत बसशील.)

ताटकळण्यावर उपाय सोपा आहे. एफसीएनटीएल (fcntl) कॉलनं सॉकेट नॉनब्लॉकिंग कर, म्हणजे डेटा नसला तरी वाचन अडकत नाही. मग ईपोलनं (epoll, कुठल्या सॉकेटवर डेटा आला ते कळवणारी लिनक्सची सोय) जागं केलं की लूपमध्ये वाच. रिसीव्हनं (recv, वाचायचा कॉल) धन आकडा दिला तर तेवढे बाइट बफरात जोड. शून्य दिलं तर समोरच्यानं पाठवणं संपवलं. उणे एक दिलं तर एरनो (errno, चूक कोणती ते सांगणारा आकडा) बघ: ईअगेन म्हणजे तूर्त काही नाही, ईपोलकडे परत जा, ईआयएनटीआर म्हणजे सिग्नलनं वाचन मध्येच तोडलं, पुन्हा वाच, बाकीचे खरे एरर. शून्यालाच ‘तूर्त काही नाही’ समजणारा कोड मी इतका पाहिलाय की रिव्ह्यूला बसलो की आधी तीच ओळ शोधतो. कनेक्शन मेलेलं असतं आणि लूप सीपीयू शंभर टक्के खात गरगरत असतो.

एज-ट्रिगर्डच्या (नवा डेटा आला तेव्हाच ईपोल कळवतो, त्या प्रकाराच्या) फंदात इतक्यात पडू नकोस. तिथे ईअगेन येईपर्यंत वाचलं नाहीस तर उरलेल्या डेटासाठी ईपोल पुन्हा हाक मारेलच असं नाही. लेव्हल-ट्रिगर्ड, म्हणजे ईपोलचा नेहमीचा प्रकार, डेटा उरला असेपर्यंत हाक मारतो. आणि ईपोलऐवजी सिलेक्ट (तेच काम करणारा जुना कॉल) वापरलास तरी नॉनब्लॉकिंग सोडू नकोस. लिनक्सवर ‘तयार’ म्हटलेलं पॅकेट चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकला म्हणून टाकून दिलं जाऊ शकतं, मग तुझं वाचन पुन्हा अडकलंच.

सेंडही असंच अर्धवट जातं, पण ते पुढच्या पत्रात. तोवर वाचनाचा लूप लिहून पाठव.

तुझाच,
मित्र