मद्रास सर्किटवरची टाइम ट्रायल: गाडीची तयारी

सभासदांनो, चेन्नईजवळच्या या रेस ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत लावायची आहे, तेव्हा ब्रेक ऑइल आत्ताच बदला आणि चारही चाकांचं ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) करून घ्या. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३०° सेल्सिअसला उकळतं; ओलावा शोषलेलं १५५° च्या आसपासही उकळू शकतं. वाफ झाली की पेडल थेट तळाला! निम्म्याहून कमी उरलेले पॅड नकोत.

गार टायरमध्ये हवा ३-४ पीएसआय कमी ठेवा, तापल्यावर ती वाढतेच. परतीच्या हायवेआधी पुन्हा भरा (हे हमखास राहतं). स्टेपनी, जॅक, मॅट बाहेर. चाकं गार झाली की नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) तपासा.

शेवटचा लॅप सावकाश. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) हँडब्रेक ओढू नका, तापलेले ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.