जनरल की शेठ?

ब्रनो, 19 जानेवारी 2023

ती. बाबांस सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर "तुमच्याकडे राष्ट्रपती कोण होतोय?" असं विचारलंत आणि मी तोंड उघडायच्या आत आईने फोन घेतला. मग सगळं बोलणं इथल्या थंडीवर आणि माझ्या जेवणावरच संपलं. म्हणून आता नीट लिहिते. मला इथे मत नाही, त्यामुळे बोलायला मोकळीक भरपूर आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. इथे चेक प्रजासत्ताकात राष्ट्रपती थेट जनता निवडते. 2013 पर्यंत संसदेची दोन्ही सभागृहं निवडायची, आता लोक निवडतात. अधिकार मात्र तेवढेच राहिले. सरकार पंतप्रधान चालवतो. राष्ट्रपती पंतप्रधानाची नेमणूक करतो, घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश सिनेटच्या संमतीने नेमतो, मध्यवर्ती बँकेचं सात जणांचं मंडळ नेमतो. पण लाखो मतं घेऊन प्रागच्या किल्ल्यात बसलेला माणूस गप्प कसा बसेल? सध्याचे मिलोश झेमान 2013 मध्ये निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी संसदेतल्या पक्षांना न जुमानता आपल्या मर्जीचं सरकार नेमलं. त्या सरकारला विश्वासमत मिळालं नाही, तरी ते काही महिने कारभार बघत राहिलं. झेमान यांच्या दोन मुदती संपल्या, तिसरी घटनेप्रमाणे मिळत नाही.

पहिली फेरी 13 आणि 14 तारखेला झाली. शुक्रवारी दुपारी दोन ते रात्री दहा, शनिवारी सकाळी आठ ते दुपारी दोन. इतक्या निवडणुकांच्या ड्युट्या केल्यात तुम्ही, तुम्हाला हे वाचून गंमत वाटेल. शाई नाही, मशीन नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी चिठ्ठी असते आणि तो सगळा संच पाकिटात घालून मतदाराच्या घरी आधीच पोचवतात. आमच्या घरमालकीणबाईंनी माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या, चष्मा लावून एकेक वाचली, एक पर्समध्ये ठेवली आणि बाकीच्या रद्दीच्या पिशवीत टाकल्या. केंद्रावर शिक्क्याचं कोरं पाकीट मिळतं. पडद्यामागे जाऊन त्यात चिठ्ठी घालायची आणि पाकीट पेटीत टाकायचं. पडद्यामागे गेल्याशिवाय मत टाकूच देत नाहीत, मग चिठ्ठी घरून निवडून आणलेली का असेना. आजारी माणसाने कळवलं तर केंद्रावरचे दोघं छोटी पेटी घेऊन त्याच्या घरी जातात. दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या मात्र घरी येत नाहीत, त्या केंद्रावरच मिळणार. मालकीणबाईंना हे पसंत नाही. "म्हणजे मी घरी विचारच करायचा नाही का?" म्हणतात. दोनच तर उमेदवार आहेत!

ते दोघं म्हणजे पेत्र पावेल आणि आंद्रेय बाबिश. पावेलना 35.40 टक्के, बाबिशना 34.99. फरक जेमतेम 23 हजार मतांचा. पन्नास टक्के कोणालाच नाहीत, म्हणून 27 आणि 28 तारखेला पुन्हा मतदान.

पावेल निवृत्त जनरल. लष्करप्रमुख होते, मग 2015 ते 2018 नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष. पांढरी दाढी, मोटारसायकलचा शौक, बोलणं अगदी मोजकं. 1993 मध्ये क्रोएशियात युगोस्लाव्हियाच्या युद्धात अडकलेल्या फ्रेंच सैनिकांना त्यांच्या तुकडीने बाहेर काढलं, त्याबद्दल फ्रान्सने सन्मानही दिला. बाबिश म्हणजे शेठ. जन्म ब्रातिस्लावाचा, म्हणजे मूळचे स्लोव्हाक. खत, शेती, अन्नप्रक्रिया असा अ‍ॅग्रोफर्ट नावाचा अवाढव्य धंदा उभा केला, मग स्वतःचा पक्ष काढला आणि 2017 ते 2021 पंतप्रधान राहिले. युरोपीय अनुदानाच्या एका खटल्यात पहिल्या फेरीच्या चारच दिवस आधी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पॅरिसला जाऊन फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांना भेटून आला. टायमिंग बघा!

आता खरी मेख. 1989 मध्ये मालकीणबाई चौकात उभं राहून किल्ल्या वाजवायला गेल्या होत्या. त्या थंडीत लाखो लोकांनी किल्ल्यांचे जुडगे वाजवून कम्युनिस्टांना "चला, घरी जा" म्हणून सांगितलं होतं. त्याला 33 वर्षं झाली आणि शेवटच्या दोघांत उरले कोण, तर दोघेही जुने कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. बाबिश 1980 पासूनचे, पावेल 1985 पासूनचे. बाबिशचं नाव तर कम्युनिस्ट राजवटीतल्या गुप्त पोलिसांच्या कागदांत खबऱ्या म्हणून 'बुरेश' या टोपणनावाने आहे. ते नाकारतात आणि स्लोव्हाकियात त्यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालू आहे. पावेल सरळ सांगतात की पक्षात जाणं चूक होती. मालकीणबाई दोघांच्याही नावाने बोटं मोडतात आणि मत पावेलनाच देणार आहेत. का, म्हटलं तर म्हणाल्या, "एकाला निदान लाज वाटते."

आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी पहिल्या फेरीतल्या उमेदवार दानुशे नेरुदोवा यांच्या बाजूची होती. त्या इथल्याच, ब्रनोच्या मेंडेल विद्यापीठाच्या माजी कुलगुरू. वय 44, म्हणजे कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा शाळकरी पोर. एका टप्प्यावर जनमत चाचण्यांत त्या पहिल्या दोघांच्या बरोबरीने होत्या. मग त्यांच्या विद्यापीठातल्या झटपट पीएचड्यांवरून वाद निघाला आणि त्या घसरल्या त्या घसरल्याच. 13.92 टक्क्यांवर थांबल्या. निकालाच्याच संध्याकाळी त्यांनी पावेलना पाठिंबा दिला. 6.75 टक्केवाल्या पावेल फिशर यांनीही दिला, मारेक हिल्शर यांनीही. 4.45 टक्के घेणारे यारोस्लाव बाश्ता कट्टर उजव्या पक्षाचे, त्यांची मतं बहुतेक बाबिशकडे जातील.

तुम्ही गणिताचे मास्तर, तेव्हा पाटी पुढे ओढा. पहिल्या फेरीत साधारण 56 लाख मतं पडली. पावेल अधिक नेरुदोवा, फिशर, हिल्शर मिळून 33 लाखांच्या आसपास. बाबिश अधिक बाश्ता 22 लाख. खड्डा 11 लाखांचा. मतदान झालं 68 टक्के, म्हणजे घरी बसलेले 26 लाख शिल्लक आहेत. बाबिशना त्यांच्यातून 11 लाख उठवावे लागतील आणि त्यातलं एकही मत पावेलना जाता कामा नये. नाहीतर समोरच्यांची मतं फोडावी लागतील.

तुम्ही म्हणाल, झालं तर, निकाल लागला. थांबा. 2018 मध्येही कागद असाच होता. झेमानना पहिल्या फेरीत 38.56 टक्के, यिर्झी द्राहोश यांना 26.60, आणि पडलेल्यांपैकी बहुतेक मोठी नावं द्राहोशच्या मागे उभी राहिली. बेरीज केली तर द्राहोश 59 टक्क्यांच्या आसपास! प्रत्यक्षात झेमान 51.36 टक्क्यांनी निवडून आले. मधल्या दोन आठवड्यांत जागोजागी फलक लागले होते: स्थलांतरितांना आणि द्राहोशना थांबवा. द्राहोश बिचारे रसायनशास्त्रज्ञ, विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष, त्यांचा स्थलांतरितांशी काय संबंध? पण फलकाने काम केलं. कागदावरच्या बेरजेतली तीन लाखांहून जास्त मतं द्राहोशच्या पेटीत पोचलीच नाहीत.

परवापासून तसेच फलक पुन्हा लागलेत, बाबिशचे. ट्रॅमच्या थांब्यासमोरच एक आहे. मी देशाला युद्धात ओढणार नाही, मी मुत्सद्दी आहे, सैनिक नाही, अशा अर्थाचा मजकूर. तेव्हा भीती स्थलांतरितांची, आता युद्धाची. युक्रेन इथून लांब नाही, लाखो निर्वासित आलेत, प्रत्येक शाळेत त्यांची मुलं आहेत. परदेशात सैन्य पाठवायचा निर्णय इथे संसद आणि सरकारच्या हातात असतो, राष्ट्रपती एकटा कोणाला युद्धावर नेऊ शकत नाही. पण फलकावर राज्यघटना मावत नाही.

आणि भीती एकटी नाही, खिसाही आहे. 2022 ची महागाई 15.1 टक्के निघाली. गॅस आणि विजेची बिलं बघून म्हातारी माणसं एकाच खोलीत हीटर लावून बसतात. आमच्या टीममधल्या एका मुलाचे वडील कार्विनाचे, कोळसाखाणीतून निवृत्त. ते बाबिशचे. "त्याने पेन्शन वाढवली, या प्रागवाल्यांनी काय केलं?" हा त्यांचा एकच प्रश्न, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. नकाशा बघितला तर हेच दिसतं. प्राग पावेलचं. उत्तरेकडचा उस्ती, पश्चिमेचा कार्लोव्ही व्हारी आणि ओस्त्रावाकडचा पट्टा बाबिशचा, म्हणजे जिथे खाणी आणि कारखाने बंद पडत गेले तो भाग. जेमतेम एक कोटी लोकवस्तीच्या देशात साडेसहा-सात लाख लोकांमागे कर्जवसुलीची जप्ती लागलेली आहे, आणि या भागांत ती जास्त. ऑफिसातली पोरं या मतदारांना अडाणी म्हणतात तेव्हा मला राग येतो. असं बोलून कोणाचं मत वळत नाही, उलट घट्ट होतं.

तरी माझा कौल पावेलकडेच आहे. कारण दोन. 2018 ला पहिल्या फेरीत 62 टक्केही मतदान नव्हतं, यंदा 68 आहे. घरी बसलेला बाबिशवाला बराचसा आधीच येऊन गेलाय, विहिरीत पाणी कमी उरलंय. आणि द्राहोशकडे आलेली मतं कोमट होती. नेरुदोवावाल्यांचं यंदा तसं नाही. त्यांना पावेल आवडोत न आवडोत, बाबिश नको हे पक्कं आहे. झेमाननी उघडपणे बाबिशची बाजू घेतल्याने तर हा कळप आणखीच बांधला गेला. पावेलना पंचावन्न ते साठच्या मध्ये कुठेतरी, असं मी धरते. सदूकाकांना सांगा, पैज लावायची असेल तर आत्ताच लावा.

मतदान 28 ला दुपारी दोनला संपतं, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. इथे मोजणी झपझप होते. तुमचं जेवण होईपर्यंत चित्र स्पष्ट झालेलं असेल. मी फोन करीन, पण त्या दिवशी फोन आधी तुम्ही घ्या. आईशी नंतर बोलते, तिला भाकरीच्या पिठाचंही विचारायचं आहे.

तुमची,
मनू