वास्तुशांतीच्या आधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्रिकेचा नमुना पाहिला. वास्तुशांत आहे, सत्यनारायण आहे, पण जागरण-गोंधळ नाही. आई फोनवर म्हणाली, "इथले शेजारी शुद्ध शाकाहारी, वाघ्या-मुरळी बरं नाही दिसत." बाबांच्या नावाखाली सलूनचं नावही नाही. म्हणून लिहायला बसले.

असं का वाटतं ते मला कळतं. बाबा, बलुत्यासाठी आजोबा खळ्यावर ताटकळत उभे राहायचे आणि शेंबडी पोरंसुद्धा त्यांना अरे-तुरे करायची, हे तुम्हीच सांगितलंत. ते मागे टाकावंसं वाटणारच. 1901 च्या जनगणनेत जातींची उतरंड लावायला घेतली, तेव्हा कितीतरी जातींनी अर्ज केले, आम्हाला वरच्या वर्णात धरा म्हणून. कुणी जानवं घातलं, कुणी मटण सोडलं, कुणी विधवांचे पाट, म्हणजे पुनर्विवाह, बंद केले. हे शेवटचं मला फार लागतं. वर चढायच्या नादात आपल्याच बायकांची मोकळीक गेली.

आणि आपली माणसं बघा! 1890 मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. सत्यशोधक कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. हातावर पोट असताना हक्काचं काम नाकारलं त्यांनी. मला अभिमान वाटतो तो याचा.

दुसरी बाजूही आहे. आजोबांची हजामतीची धोकटी गावभर फिरली, पण महारवाड्यात कधी गेली नाही. गेली असती तर गावानं बलुतं तोडलं असतं, हे खरं. पण आजीही तिकडची सावली टाळायची, आणि ती कुणाचं बघून शिकली हे तुम्हाला माहीत आहे.

माझं इंजिनिअरिंग दुकानातल्या दोन खुर्च्यांवर आणि ओबीसीच्या फी-सवलतीवर झालं. सेना महाराजांनी आपला धंदा अभंगात गायला, आपण तो पत्रिकेत का लपवायचा? सलूनचं नाव ठळक छापा.

जागरणाची सुपारी द्या, तळी भरू. सोसायटीच्या सेक्रेटरींशी मी बोलते, दहाच्या आत आवाज बंद करू. दुसऱ्या दिवशी भाऊबंदांना मटण, आईच्या हातचं, कांदा-खोबरं भाजून. आणि बाबा, बौद्धवाड्यातले तुमचे शाळासोबती यादीत दिसले नाहीत. रविवारी आपण दोघं गावी जाऊन त्यांना घरी आमंत्रण देऊ या.

तुमची लेक