आलमांद प्रॅक्टिकलमधून वगळू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच स्वयंपाकातल्या ‘मदर सॉस’वरचा, म्हणजे ज्यांपासून बाकीचे सॉस बनतात त्या मूळ सॉसवरचा, लेख वाचला. लेख चांगला आहे. मात्र मूळ सॉस पाच आणि ते पूर्वापार पाचच, असे त्यात म्हटले आहे, ते बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शेफ कारेम यांनी केलेल्या मांडणीत सॉस चार होते: एस्पान्योल, वेलूते, बेशामेल आणि आलमांद. टोमॅटो आणि हॉलंडेज पुढे त्या पंक्तीत बसले आणि आलमांद वेलूतेचा एक प्रकार ठरला.

मी पुण्यातल्या एका हॉटेल मॅनेजमेंट महाविद्यालयात कॉन्टिनेन्टल शिकवून निवृत्त झाले. चार की पाच यावर हुज्जत घालायला हे पत्र लिहीत नाही. यादीतून उतरलेला आलमांद हळूहळू प्रॅक्टिकलमधूनही गेला, याचे मला फार वाईट वाटते. कारण मुलांचा हात तयार करणारा त्याच्यासारखा दुसरा सॉस नाही.

लोण्यात मैदा परतून केलेल्या फिकट रूमध्ये पांढरा स्टॉक, म्हणजे हाडे न भाजता उकळून काढलेले पाणी, घालून वेलूते होतो. त्याला अंड्याचा पिवळा बलक लावून, आटवून, शेवटी लिंबू पिळले की आलमांद. सगळे कसब बलक लावण्यात आहे. तो थेट गरम सॉसमध्ये ओतला तर गुठळ्या होतात. म्हणून बलक वाडग्यात फेटायचा, त्यात गरम सॉस पळीपळीने घालत हात चालू ठेवायचा, वाडगे बाहेरून चांगले गरम लागले की मग सगळे पातेल्यात परत घालायचे. जमलेला सॉस लाकडी चमच्याच्या पाठीवर धरून राहतो आणि त्यावर बोट ओढले की रेघ तशीच राहते.

बलक आणि लोणी घोटून केलेला हॉलंडेज जरा जास्त तापला की फुटतो. आलमांद मात्र उकळी सोसतो, कारण मैद्यातला स्टार्च बलकातल्या प्रथिनांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही. आपल्या कढीत बेसन हेच करते. पीठ न लावता ताक उकळायला ठेवले तर ते फाटणारच. कढी करणाऱ्या घरातून आलेल्या मुलांना हे कारण वर्गात दोन मिनिटांत पटते. हाताला पटायला मात्र शेगडीपाशी उभे राहावे लागते.

लेखात आणखी एक विधान आहे, की सॉसला हे नाव त्याच नावाच्या नाचावरून मिळाले. तसे नाही. फ्रेंचमध्ये ‘आलमांद’ म्हणजे जर्मन. नाचाला आणि सॉसला ते नाव वेगवेगळे पडले, आणि सॉस तर मूळचा जर्मन नाहीच. नाचाची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. युरोपीय संगीताच्या बारोक काळातल्या सुइटमध्ये, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या रचनांच्या मालिकेत, आलमांद, कूरांत, साराबांद, जीग असा क्रम रूढ होता. संगीतकार बाख यांच्या काळापर्यंत आलमांद नाचण्यापेक्षा ऐकण्याचीच चीज झाली होती. तरी त्यांच्या चेलोच्या सहाही सुइटमध्ये सुरुवातीच्या प्रील्यूडनंतर आलमांदच येते, आणि व्हायोलिनची डी मायनर पार्टिटा (हीही एक सुइटच) तर तिच्यापासूनच सुरू होते. आमच्या इमारतीतली एक मुलगी सध्या ती बसवते आहे. समेच्या आधीचा तो छोटा सूर नीट पडेपर्यंत ती पहिलीच ओळ घोटत असते. नाच मागे पडला म्हणून संगीताच्या शिक्षकांनी ही रचना शिकवायचे सोडले नाही. मग यादीतून नाव गेले म्हणून आपण सॉस का सोडावा?

खर्चाचा तर प्रश्नच नाही. वेलूतेच्या प्रॅक्टिकलला रू आणि स्टॉक तयार असतोच. वर थोडी अंडी आणि एखादे लिंबू लागते. शिकवणाऱ्यांनी त्याच दिवशी अर्धा तास वाढवून प्रत्येक मुलाकडून आलमांद करून घ्यावा, दोघादोघांत एक पातेले नको. आणि आपण पुरवणीत दुरुस्ती छापाल तेव्हा कृतीही द्यावी. घरच्या मापाने अर्ध्या लिटर वेलूतेला दोन-तीन बलक पुरतात.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे