काहीही वजा करू नये असा दिवस

मडगाव, श्रावण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून मी लगेच फोन उचलला आणि परत ठेवला. तू लिहून विचारलंस, तर उत्तरही लिहूनच जायला हवं. फोनवर आपण पाऊस, गुडघे आणि मुलांची लग्नं यांतच रमलो असतो.

तू लिहितोस, घराचं कर्ज फिटलं, लेक मार्गी लागली, तब्येतही बरी आहे, आणि तरी संध्याकाळी गॅलरीत बसलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पूर्ण सुखी असं कोणी असतं का रे, असं विचारतोस, आणि हे विचारणंही कृतघ्नपणाचं ठरेल का, अशी शंकाही काढतोस. ती शंका आधी मनातून काढून टाक. ज्याच्या मागे आजारपण आहे, हप्त्यांची घाई आहे, त्याला हा प्रश्न पडायला सवड नसते. तुला ती मिळाली, म्हणून तो पुढ्यात आला. प्रश्न जुनाच आहे. दिवेलागणीला तुमच्या ओसरीवर आपण मनाचे श्लोक म्हणायचो, त्यात रामदासांनी तो मनालाच शोधायला सांगितलाय. आपण एका दमात ते म्हणून जेवायला पळायचो. उत्तर ‘कोणीच नाही’ असं आहे, हे धरूनच मोठे झालो. मला आता ते उत्तर तसंच्या तसं पटत नाही.

दहाव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाला तिसरा अब्द अल-रहमान हा खलिफा होऊन गेला. ९१२ ते ९६१, म्हणजे जवळपास ५० वर्षं त्याने राज्य केलं. त्याच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की आयुष्यातले निर्भेळ सुखाचे दिवस त्याने मोजून ठेवले होते आणि ते भरले १४. गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात: बघा, एवढा मोठा राजा, आणि त्यालाही चौदाच! मला त्याच्या मोजण्याचीच काळजी वाटते. निर्भेळ हवं, असा निकष लावला की दिवसामागून दिवस गळत जातात. सकाळी सीमेवरून वाईट बातमी आली असेल आणि संध्याकाळी मुलाचा ताप उतरला असेल. तो दिवस बाद. बाद झालेल्या त्या हजारो दिवसांत काय काय होतं, हे मला जाणून घ्यावंसं वाटतं.

आपल्याकडे मोजलं गेलं ते वेगळ्या तऱ्हेने. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचं मापच मांडलंय. तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस घ्या आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची आहे असं समजा. तो झाला मनुष्याचा एक आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असं पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती करत थेट ब्रह्मापर्यंत. आणि मनुष्याच्या वरच्या प्रत्येक पायरीवर तेच धृपद येतं: कामनेचा घाव न बसलेल्या श्रोत्रियालाही, म्हणजे वेद जाणणाऱ्यालाही, हाच आनंद आहे. म्हणजे एवढं चढून जायचं, नाहीतर हाव सोडून आहात तिथेच बसायचं. दोघेही पोचतात एकाच जागी. या विचारापुढे मी मनापासून हात जोडतो. पण मला तो सगळा झेपत नाही. नातीला शाळेतून यायला उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. ती घालमेल नको असेल तर नात इतकी जवळची असून चालणार नाही, आणि ते मला नकोच आहे. कामना सुटलेला माणूस सुखी असेल. तू आणि मी ज्याला सुख म्हणतो ते मात्र माणसांत गुंतूनच मिळतं, आणि गुंतणं आलं की काळजी आलीच.

तुझ्या गॅलरीतल्या त्या रितेपणाचं एक कारण शरीरातही आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर बरीच वर्षं काम केलं. आधी रस तोंडात पडला की त्या पेशी चेतायच्या. मग दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तेव्हा त्या दिव्यालाच चेतायला लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तरी त्यांच्यात काही फरक पडेना. कर्ज फेडत होतास तेवढी वर्षं तुझा दिवा लागलेला होता. शेवटचा हप्ता गेला त्या संध्याकाळी तू फोन केलास, तेव्हाचा तुझा आवाज मला आठवतो. तो काही आदल्या दिवसापेक्षा फार वेगळा नव्हता.

१९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेले २२ जण आणि अपघातात हातपाय लुळे पडलेले २९ जण यांचा अभ्यास झाला होता. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली होती. अपघातवाले इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण लोक समजतात तितके खचलेले नव्हते. अभ्यास लहानच होता. पुढे स्वीडनमध्ये खूप मोठ्या संख्येने बक्षीसवाले तपासले गेले, तेव्हा मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वर्षानुवर्षं टिकून वाढलेलं दिसलं. त्यामुळे पैशाने सुख मिळत नाही, असं मी कोणालाही ऐकवणार नाही. २०१२ मध्ये इथल्या खाणी बंद झाल्या तेव्हा दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता डोक्यावर, अशी माणसं सांग्यात, केप्यात, डिचोलीत मी पाहिली आहेत. त्यांना सुख म्हणजे काय हे विचारलं असतं तर ‘ट्रक चालू होणं’ असं ते म्हणाले असते, आणि ते खरंच होतं. पोट, छप्पर, औषध यांच्या अलीकडे सुखाची चर्चा करू नये असं माझं ठाम मत आहे. आपण दोघे त्याच्या पलीकडे आलो आहोत, म्हणून पुढचं लिहितो.

(गोव्यात राहतो म्हणजे हा सुखीच असणार, असं तुझे पुण्याचे शेजारी माझ्याबद्दल म्हणाले होते. जगभरच्या लोकांना शून्य ते दहा अशी शिडी कल्पून आपण कुठल्या पायरीवर आहोत ते विचारतात. २०१८ पासून पहिला येणारा फिनलंडसुद्धा आठाच्या आतच राहतो. त्यांना हे सांग. दहावर आख्खा देश कुठलाच नाही, आमचा मडगाव तर नाहीच.)

या मे महिन्यात मी कुर्डीला गेलो होतो. सांगे तालुक्यातलं, साळावली नदीकडचं गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि धरण होणार, गाव उठणार, हे सांगून गेले, असं तिथली जुनी माणसं सांगतात. लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. महादेवाचं कदंबकालीन देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. बाकीचं गाव, नारळ, फणस, शेतं, सगळं ऐंशीच्या दशकात पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात ते वर येतं आणि गावकरी जमतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त करतात. मग पाऊस लागतो आणि पुन्हा पाणी.

आमच्या शेजारच्या सुनेची आई कुर्डीची. सत्तरी ओलांडलेली, पण चिखलाच्या भेगांवरून चपला हातात घेऊन आमच्या पुढे झपाझप चालत होती. झाडांचे बुंधे आणि जोती, एवढंच तिथे दिसतं. तिला मात्र सगळं दिसत होतं. इथे चूल, इथे न्हाणी, इथून आम्ही शेजारच्यांचे आंबे काढायचो आणि ती म्हातारी काठी घेऊन धावायची. त्या म्हातारीची नात तिथेच उभी होती, तीही आता म्हातारी. दोघी इतक्या हसल्या की त्यांना जोत्यावर बसावं लागलं. बसल्यावर ही रडायला लागली. रडता रडताच देवळाकडे जेवणं सुरू झाली का बघ, म्हणून लेकीला पिटाळलं. मी विचारलं, मावशी, दरवर्षी येऊन त्रास होत नाही? ती म्हणाली, ‘‘वायट दिसता तर. पूण आयज म्हजें पोट भरलें.’’ वाईट तर वाटतंच, पण आज माझं पोट भरलं. जेवण अजून व्हायचं होतं.

खलिफाच्या हिशेबात हा दिवस बसला नसता. पण कोणी त्या बाईला सांगितलं असतं की तुझ्या आजच्या दिवसातून दुःख तेवढं वजा करून देतो, तर उरलं काय असतं? कोरड्या पडलेल्या तळ्यातली एक सहल. त्या दिवसातून तिला काहीच काढायचं नव्हतं. गेलेलं घर, राहिलेली शेजारीण, पायाखालचा चिखल, पुढच्या महिन्यात येणारं पाणी, सगळं त्यात हवं होतं. मला पूर्ण सुख म्हणायचंय ते याला. ज्यात उणं काही नाही असं सुख मी कुठे पाहिलं नाही. ज्यातून काही उणं करावंसं वाटत नाही असं पाहिलंय, आणि ते फार दुर्मीळ आहे असंही मला वाटत नाही.

आणि मडगावात आमच्या नळाला साळावलीचंच पाणी येतं. त्या चुलीवरून, त्या न्हाणीवरून आलेलं. तेव्हापासून निर्भेळ सुख या कल्पनेवरचा माझा विश्वासच उडाला आहे. माझ्या साध्या सकाळच्या चहाखालीसुद्धा कोणाचं तरी गाव आहे. हे कळल्याने चहा कडू होत नाही, पण तो कोणाचा ऋणी आहे हे मला आता माहीत आहे.

एपिक्युरसचं नाव तू ऐकलं असशील, खा-प्या-मजा करा शिकवणारा ग्रीक म्हणून. त्याच्यावर तो अन्याय आहे. शरीराला वेदना नाही आणि मनाला खळबळ नाही, यापलीकडे मोठं सुख नाही, असं तो मानायचा. त्याच्या बागेतलं जेवण साधंच असे. ख्रिस्तपूर्व २७० मध्ये तो गेला तेव्हा मूत्रमार्गाच्या भयंकर वेदनेत होता. म्हणजे त्याच्याच व्याख्येने दोन्ही गोष्टी हातातून गेलेल्या. त्या शेवटच्या दिवशी त्याने एका मित्राला पत्र लिहिलं, आणि त्या दिवसाला सुखाचा दिवस म्हटलं. वेदना याहून वाढू शकत नाहीत, पण आपण दोघांनी मारलेल्या गप्पांच्या आठवणीचा आनंद त्यांच्यासमोर उभा आहे, अशा अर्थाचं तो लिहितो. तत्त्वज्ञान आयुष्यभर शिकवलेल्या माणसाचं शेवटचं पत्र हे असं. मला त्याच्या सगळ्या शिकवणुकीपेक्षा ते पत्रच खरं वाटतं.

दुःखाचं कौतुक करतोय असं समजू नकोस. नुसतं दुःख माणसाला चिरडतं, त्यात काही पवित्र नाही. कुर्डीत ती शेजारीण उभी नसती, एपिक्युरसला लिहायला मित्र नसता, तर माझ्या या सगळ्या म्हणण्याला काही अर्थ नव्हता.

आता जे खरं लिहायचं होतं ते. माईंचं शेवटचं वर्ष आठव. तू बिनपगारी रजा घेऊन पुण्याहून आलास. त्यांना अंथरुणातच अंघोळ घालायचास, पेज भरवायचास, रात्री कूस वळवायला उठायचास. तुझे डोळे कायम लाल. एका संध्याकाळी पिंपळकट्ट्याशी उभा राहून तू म्हणालास, ‘‘मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं,’’ आणि काहीतरी वावगं तोंडातून गेल्यासारखा लगेच गप्प झालास. तू ते पुन्हा कधी बोलला नाहीस. मी विसरलो नाही. माझ्या मते तू तेव्हा पूर्ण सुखी होतास, माई जात असताना, आणि त्यात विसंगत काहीही नव्हतं. तुझ्या हातांना काम होतं, ज्या माणसासाठी ते होतं ते माणूस जवळ होतं, आणि वेळ थोडा आहे हे दोघांनाही माहीत होतं. आज गॅलरीत तुला जे नाही असं वाटतं, ते मिळवायचं राहिलेलं काही नसून तुझी अशी गरज असलेलं कोणी समोर नाही, एवढंच असेल का? मी चुकतही असेन. पण असेन तर मला सांग, कारण तुझ्याइतकं हे मला कोणी सांगू शकत नाही.

दोन गोष्टी मागतो. पहिली: कार्तिकात हरिमंदिराची दिंडी आहे, तिला वहिनींना घेऊन ये. रात्रभर बैठका ऐकू, मुलं होतो तेव्हा ऐकायचो तशा, झोप आली तर तिथेच लवंडू. दुसरी, आणि ही येण्याआधीची: तुझ्या आयुष्यातले असे दिवस मला लिहून पाठव, जे त्या खलिफाने नक्की बाद केले असते आणि तू करणार नाहीस. माईंच्या वर्षातले तर लिहीच. मीही माझे लिहायला घेतले आहेत. पहिलाच तुझ्याशी झालेल्या भांडणाचा आहे, तो वाचून तू रागावशील.

सोलं आणि कुळागरातली मिरी शेजारचा मुलगा पुण्याला येतोय त्याच्याबरोबर देतोय. मिरी वहिनींच्या हातात दे.

तुझाच,
बालमित्र