दिवाळीच्या सफाईआधी

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीआधी फ्लॅटची सफाई कंपनीकडून करून घ्यायची म्हणतोस. तिघांत वाटले तरी ते पैसे थोडे नाहीत, आणि डिपॉझिट भरून तुझा हात आधीच आखडलाय. व्हिडिओ कॉलवर तू घर दाखवलंस ते मी नीट पाहिलं. तुम्हा तिघांना एका रविवारी उरकणार नाही असं त्यात काही नाही. सिंकखालच्या बाटल्याही दिसल्या. ओट्याची वेगळी, नळांची वेगळी, टाइल्सची वेगळी, काचेची वेगळी. यातल्या बऱ्याच नसल्या तरी चालतं. मळ कशाचा आहे ते आधी ओळख, मग वाण्याकडच्या दोन पुड्यांत काम होतं.

तुमच्याकडे स्वयंपाकघरातला मळ तेलकट, चिकट आहे. बाथरूममधला पांढरा, खरखरीत आहे, कारण तुमच्या सोसायटीला टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं आणि त्यातला क्षार साचतो. तेलकटपणा सोड्याने सुटतो, क्षार आंबटाने विरघळतो. हे उलट केलंत तर हात दुखेपर्यंत घासाल आणि डाग तसाच राहील.

वाण्याकडे धुण्याचा सोडा माग. खाण्याचा नको, तो सौम्य असतो, जुन्या चिकटीला पुरत नाही. स्वस्तातल्या वॉशिंग पावडरमध्ये मोठा भाग या सोड्याचाच असतो, म्हणून तो सुटा घेतलेला परवडतो. एक्झॉस्ट फॅनपासून सुरुवात करा. आधी बोर्डावरचं बटण बंद करा, मग जाळी आणि पाती काढा. बादलीभर कढत पाण्यात मूठभर सोडा विरघळवून त्यात ती अर्धा तास बुडवून ठेवा आणि तोवर दुसरं काम करा. सोडा तेलाशी मिळून त्याचाच साबण करतो. बाहेर काढाल तेव्हा तो तपकिरी थर मऊ पडलेला असेल, जुन्या टूथब्रशने निघून येईल. मोटर मात्र पाण्यात घालायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. हातमोजे घाला, सोड्याने कातडी सोलवटते. आणि ॲल्युमिनियमला सोडा अजिबात लावू नका. कुकर, कढई काळी पडते. चिमणीची जाळीही ॲल्युमिनियमची असू शकते, तेव्हा ती आधी बघून घ्या.

बाथरूमसाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे पुरे. नळावर हे पाणी शिंपडून उपयोग नाही, ते ओघळून जातं. जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून नळाभोवती घट्ट गुंडाळ आणि वीसेक मिनिटं तसाच राहू दे. शॉवरची धार तिरकी येते म्हणालास ना, ती भोकांत क्षार बसल्यामुळे. प्लॅस्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून ती शॉवरच्या तोंडाला रबराने बांध. बुडबुडे येताना दिसले की क्षार सुटतोय असं समज. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुस. आंघोळीनंतर नळ आणि टाइल्स रोज पुसल्या तर थर बसतच नाही. बादली आणि मगालाही हेच पाणी चालतं.

मोबाईलवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस दाखवतात, ते करू नका. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, उरतं ते जवळजवळ साधं पाणी. त्यात फक्त पैसे वाया जातात. पण पुढचं जिवावर बेतणारं आहे, ते दोघा मित्रांनाही वाचून दाखव. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरबरोबर वापरायचं नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचशी त्याची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो, आणि तुमच्या बाथरूमला खिडकीही एवढीशीच आहे. कपाटामागच्या बुरशीला ब्लीच लावायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, खिडक्या उघडून. आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा, हवा खेळली की बुरशी कमी धरते.

बाकीचं सोपं आहे. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढून घ्यायचा, धूळ आतच राहते. आधी जळमटं, मग पंखे, लादी सगळ्यात शेवटी. आरशाला ओला वर्तमानपत्राचा कागद. झुरळांसाठी कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर, कणीक आणि थोडी साखर मळून गोळ्या करा, सिंकमागे आणि फ्रिजखाली ठेवा, अन्नापासून लांब. पुसायला माझ्या जुन्या सुती साडीची फडकी कुरियरने पाठवतेय, ती बाजारच्या फडक्यांपेक्षा पाणी चांगलं टिपतात.

एक मात्र आहे. हे काम तुमच्या मावशींच्या रोजच्या पगारात खपवू नका. त्यांना मदतीला बोलवायचं असेल तर त्या दिवसाचे पैसे वेगळे ठरवून द्या, आणि दिवाळीचं जे द्यायचं ते निराळं. बचत सामानात करायची, त्यांच्या पैशांत नाही.

बाथरूमची लादी कसली आहे ते तू सांगितलं नाहीस. शहाबादी किंवा संगमरवरी असेल तर लिंबूसत्त्व तिच्यावर सांडू देऊ नका, दगड चुनखडीचा असल्याने चकाकी जाऊन पांढरट डाग पडतात. काळा कडप्पाही तसाच, म्हणून ओटा कडप्प्याचा आहे की ग्रॅनाइटचा तेही बघ. दोन्हींचे फोटो शनिवारपर्यंत पाठव, मग रविवारी कशाला हात लावायचा ते सांगते.

तुझी,
आई