उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बचत गटांमुळे ग्रामीण महिलांचे उत्पन्न किती वाढले, हे हल्ली ‘लखपती दीदीं’च्या संख्येवरून सांगितले जाते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किमान १ लाख रुपये, आणि तेही किमान चार हंगाम टिकलेले, ही व्याख्या कागदावर चोख आहे. अडचण आहे ती फॉर्म भरताना होणाऱ्या हिशेबाची. एका बँकेच्या मराठवाड्यातील ग्रामीण शाखेत गटांची खाती आणि कर्जप्रकरणे अनेक वर्षे हाताळल्यामुळे याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

शेवया-पापड करणाऱ्या गटाला ‘महिन्याला किती होतात?’ असे विचारले की विक्रीचा आकडा सांगितला जातो आणि तोच उत्पन्नाच्या रकान्यात उतरतो. पीठ, तेल, पिशव्या, वीज, बाजाराचे भाडे वजा करायचे कुणाच्या लक्षात येत नाही. पहाटेपासून पाटावर बसलेल्या बाईची स्वतःची मजुरी तर हिशेबात धरलीच जात नाही. तिचे दिवस मोजले, तर काही गटांत बाईमागे दिवसाला पडणारा नफा तिच्याच खुरपणीच्या रोजापेक्षा कमी भरतो. त्या तरीही हे काम करतात, कारण घरात राहून, सावलीत बसून चार पैसे मिळतात. हे कारण पुरेसे आहे, पण त्याला उद्योजकता म्हणण्याची घाई कशासाठी?

उलट जिथे खरी कमाई होते, तिथे आपले लक्ष नसते. सावकाराकडून शेकडा ५ रुपये दराने १० हजार घेतले, तर महिन्याला ५०० रुपये व्याज जाते. गटाच्या अंतर्गत कर्जाला शेकडा २ रुपये दर असेल, तर २०० रुपये, आणि तेही गटाच्याच पेटीत राहून वर्षअखेरीस सभासदांच्या वाट्याला येतात. वाचलेले ३०० रुपये कोणत्याही फॉर्मवर ‘उत्पन्न’ म्हणून लिहिले जात नाहीत. मारुतीच्या देवळासमोरील एका बैठकीत सोयाबीनच्या काढणीनंतर एका सभासदाने ५ हजार रुपये मागितले. कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘आत्ता पोती विकली तर मातीमोल जातील, पण मळणीवाल्याचे पैसे तर आजच द्यायचेत.’’ कर्ज नोंदवहीत मात्र सचिवताईंनी ‘शेळीपालन’ लिहिले, कारण प्रस्तावात व्यवसाय दाखवावा लागतो, असे त्यांना सांगण्यात आले होते. माझ्या मते त्या कर्जाचा तो अगदी योग्य वापर होता. खोटे काही असेल, तर तो रकाना.

नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँका जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आधी बचत आणि नियमित बैठक, मग आपसातील कर्ज आणि त्यानंतर बँकेचे कर्ज असा क्रम होता. आता गावोगाव मायक्रोफायनान्सचे, म्हणजे छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांचे, ‘गट’ आहेत. त्यांत बचतही नाही आणि स्वतःची पेटीही नाही, आहे तो फक्त हप्ता आणि एकमेकींची हमी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशी कर्जे घेणाऱ्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. पण उत्पन्नच अंदाजाने फुगवून लिहिले, तर ही मर्यादा काय कामाची? एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि गावात बोलताना दोन्ही प्रकारांना ‘बचत गट’ हेच नाव असल्याने बदनामी पेटीवाल्या गटाच्या पदरी पडते.

तेव्हा गटांचे काम पाहणारे राज्याचे ‘उमेद’ अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांनी पाहणीच्या नमुन्यात विक्रीशेजारी खर्च, स्वतःच्या श्रमाचे दिवस आणि सावकाराचे वाचलेले व्याज असे तीन रकाने जोडावेत, आणि भरलेला नमुना ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातील गटांच्या संघाच्या, बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. कोणता आकडा फुगलेला आहे, हे तिथे बसलेल्या बायका लगेच सांगतील.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, लातूर